पाच माणसं, चार गावं आणि आगगाडी

पुण्यात हल्ली प्रत्येक वाड्या-सोसायटीतलं कुणी ना कुणी युरोपला जाऊन आलेलं असतं. हळदीकुंकवाला गेलं तरी वाण हातात पडायच्या आधी आयफेल टॉवरचे फोटो डोळ्यांपुढे येतात. त्यातल्या बहुतेकजणी यात्रा-कंपनीबरोबर गेलेल्या असतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. बस दारात येते, रात्री वरण-भात मिळतो, सामान मोजायला माणूस असतो. पण बारा दिवसांत पाच देश, पहाटे सहाला बॅगा खोलीच्या दाराबाहेर आणि मग दिवसभर बसमध्ये पाय दुमडून बसणं, हे ७४ वर्षांच्या बाईला झेपायचं कसं? आमच्या घरात सगळा विचार सुरू झाला तो या प्रश्नापासून.

आमचं कुटुंब पाच जणांचं. हे, मी, तेरा वर्षांची लेक, नऊ वर्षांचे चिरंजीव आणि सासूबाई. माझी पोस्टातली पाच वर्षांची आवर्ती ठेव भरली, त्यात यांचा बोनस घातला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच परदेशाचं नाव घरात मोठ्यानं निघालं. सासूबाई तेवढे दिवस नाशिकला वन्संकडे राहतील, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. सगळ्यांत आधी ते धरलं खुद्द सासूबाईंनी. "मी कशाला गं? माझे गुडघे इथंच बरे!" म्हणाल्या आणि शेंगा सोलायला बसल्या.

आता या बाईंनी पु.लं.ची 'अपूर्वाई' तीनदा वाचलेली. मीना प्रभूंची पुस्तकं ग्रंथालयातून माझ्याआधी त्या आणणार. उभ्या आयुष्यात जेवढे प्रवास केले त्यातल्या प्रत्येकात पोळी-भाजीचा डबा त्यांनी बांधला आणि बसल्या मात्र कडेला, कारण खिडकी मुलांची. मी यांना सांगितलं, आई येणार नसतील तर माझ्या ठेवीचे पैसे मी पुन्हा पोस्टात ठेवते. थोडी धुसफूस झाली, झाली नाही असं नाही. पण मग हेच म्हणाले, "तर मग आईला जमेल असाच प्रवास आख."

म्हणून आगगाडी. गाडीत उठून चार पावलं चालता येतं, पाय मोकळे करता येतात, स्वच्छतागृह डब्यातच असतं. युरोपातली मोठी स्टेशनं बहुधा गावाच्या मध्यावर असतात, त्यामुळे उतरलं की मुक्काम जवळ. विमानानं गावोगाव जायचं तर दर वेळी दोन तास आधी पोचा, बूट काढा, पट्टे काढा, ते सगळं वाचतं.

पहिल्या कागदावर लेकीनं नऊ गावं लिहिली होती. तो कागद मी जपून ठेवला आहे! गावं खोडायला मी एक साधी रीत धरली. प्रत्येक नवं गाव म्हणजे एकदा बॅगा भरणं, एकदा स्टेशन गाठणं, एकदा डब्यात चढणं, एकदा उतरणं आणि पुन्हा नवी खोली शोधणं. एवढ्यात निम्मा दिवस जातो आणि आईंचा तर सबंध दिवस. त्या हिशेबानं ॲम्स्टरडॅम गेलं, म्युनिक गेलं, व्हिएन्ना गेलं. व्हेनिसवरून मात्र घरात मोठं रण माजलं. लेक म्हणे, व्हेनिस नाही तर इटली कसली? पण व्हेनिसला चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. मोटार नाही, रिक्षा नाही, बॅग उचलून पायऱ्या चढायच्या-उतरायच्या. व्हेनिस तिच्या लग्नानंतरच्या प्रवासासाठी राखून ठेवलं आहे, असं तिला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही.

उरली चार गावं. पॅरिसला चार रात्री, स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला पाच, मिलानला एक आणि रोमला तीन. मुंबईहून जाताना पॅरिसला उतरायचं आणि परतीचं विमान रोमहून धरायचं. जिथं उतरलो तिथंच परत येण्याचा हट्ट धरला असता तर एक अख्खा दिवस आणि पाच तिकिटं फुकट गेली असती.

मिलानची एक रात्र पाहून मैत्रिणी विचारतात, एका रात्रीत काय बघणार? फार काही नाही. ल्युसर्नहून मिलानला साडेतीन तासांच्या आसपास लागतात आणि मिलानहून रोमला वेगवान गाडीनं तीन तास. एका दिवसात होतं, पण एकीला उशीर झाला की दुसरी हुकते आणि संध्याकाळी थकलेली पाच माणसं रोमच्या स्टेशनात खोलीचा पत्ता शोधत उभी. त्यापेक्षा मिलानला स्टेशनाजवळ मुक्काम करावा, चर्च बघावं, निवांत झोपावं. 'लास्ट सपर' हे जगप्रसिद्ध चित्र तिथंच आहे, पण त्याची तिकिटं फार आधी काढावी लागतात आणि सोमवारी ते बंद. वारांचं हे गणित सगळीकडेच आहे. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, रोमला व्हॅटिकनची संग्रहालयं बहुतेक रविवारी बंद. तेव्हा आधी वार पाहा आणि मग तारखा नक्की करा. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं बंद असतात, पण मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात. दूध, ब्रेड, फळं तिथं मिळतात. म्हणून ल्युसर्नची खोली मी स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर घेतली. चुलीची सोय असलेली! स्टेशनासमोरच तळ्यातल्या बोटींचा धक्का आहे, हा दुसरा फायदा.

कागदपत्रांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या बायकांची अडचण तिथंच होते. सासूबाईंचं नाव बँकेच्या पुस्तकात एक, आधार कार्डावर दुसरं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं. माझंही तसंच. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीच्या नावाचा वेगळा. आपल्याकडे नवऱ्याचं नाव मधे असतं, ते त्या दुसऱ्या रकान्यात जातं. पुढे विमानाचं तिकीट, विमा, गाडीचं आरक्षण, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव अक्षर न् अक्षर हवं. मी ते एका वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आणि प्रत्येक फॉर्म त्या वहीवरूनच भरला. मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, मोठ्यांच्या पासपोर्टासारखे दहा वर्षांचे नव्हेत, तेव्हा ते आधी उघडून पाहावेत. परतीच्या दिवसानंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू असावा लागतो आणि त्यात दोन कोरी पानं लागतात.

सासूबाईंचा पासपोर्ट नव्यानं काढला. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात त्या नेसून-सवरून आल्या, फोटोच्या वेळी ताठ बसल्या. घरी चौकशीला पोलीस आला तेव्हा त्याला चहा-पोहे देऊन त्याच्या मुलाच्या दहावीची विचारपूस झाली.

युरोपातल्या २९ देशांचा मिळून जो शेंगेन गट आहे, त्यात एका व्हिसावर फिरता येतं. अर्ज मात्र एकाच देशाकडे करायचा. जिथं सगळ्यांत जास्त रात्री, त्या देशाकडे. रात्री समसमान येत असतील तर जिथं पहिलं पाऊल टाकणार, त्या देशाकडे. इथं गावं मोजू नका, देश मोजा. आमच्या इटलीच्या रात्री मिलान धरून चार होतात, फ्रान्सच्या चार, स्वित्झर्लंडच्या पाच. म्हणून अर्ज स्वित्झर्लंडकडे, जरी पहिलं पाऊल फ्रान्समध्ये पडणार असलं तरी. कोणत्या देशाचे अर्ज पुण्यातल्या केंद्रावर घेतात आणि कोणासाठी मुंबईला जावं लागतं, ते आधी बघून घ्यावं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यात आपल्या शाळांना सुट्टी, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये सगळं पुणं एकाच रांगेत असतं. आम्ही जानेवारीतच वेळ घेतली.

फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५ आणि सहा वर्षांखालच्यांना माफ. जून २०२४ पासूनचे हे दर. आमची लेक तेराची, म्हणजे मोठ्यांत गेली. चार नव्वदे तीनशे साठ आणि चिरंजीवांचे पंचेचाळीस, एकूण ४०५ युरो. केंद्राचं सेवाशुल्क निराळं. व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. शिवाय निदान ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा प्रत्येकाचा हवा. आईंचा हप्ता आम्हा चौघांपेक्षा बराच जास्त आला. तिथं कंजूषपणा करू नये. रक्तदाब, मधुमेह जे असेल ते विम्याच्या अर्जात खरं लिहावं आणि जुन्या आजाराला तो विमा लागू होतो का, ते वाचून घ्यावं.

अर्जात एक रकाना व्यवसायाचा असतो. मी 'गृहिणी' लिहिलं. माझ्या नावे पगाराची पावती नाही, तेव्हा खर्च पतीचा असं पत्र, लग्नाचा दाखला, यांचे बँकेचे उतारे आणि प्राप्तिकराची विवरणपत्रं जोडली. पण माझी ठेव ज्या पासबुकात जमा झाली त्याची प्रतही मी जोडली. ती मागितली नव्हती. मला वाटलं, जोडावी.

खरी धाकधूक निराळीच होती. चौघांचा व्हिसा आला आणि आईंचा नाकारला तर? वयस्कर बाई, स्वतःचं उत्पन्न फक्त मामंजींचं कुटुंबनिवृत्तिवेतन, याआधी कुठं परदेशी गेलेल्या नाहीत. ही गोष्ट अर्ज देण्याआधीच बोलून घ्यावी असं मला वाटलं, कारण नंतर बोललं की कुणाला तरी लागतं. एका रविवारी जेवणानंतर बोललो. पाचांचा आला तर पाच, नाहीतर सगळे महाबळेश्वर. मुलांनीही मान डोलावली, लेकीनं जरा उशिरानं. सासूबाई उठून ताटं उचलायला लागल्या. त्यामुळे खोल्या सगळ्या रद्द करता येतील अशाच घेतल्या. थोड्या महाग पडल्या. गाड्यांची स्वस्त तिकिटं तीन-चार महिने आधी निघतात, पण त्यांतली बरीच बदलता किंवा परत करता येत नाहीत. ती व्हिसा हातात येईपर्यंत काढायची नाहीत असं ठरवलं आणि स्वस्त तिकिटं डोळ्यांदेखत संपताना पाहिली. हे असं सोसणं ज्यानं त्यानं आपापलं ठरवावं.

गाडीच्या पासांचा हिशेब दोन रात्री चालला. सबंध युरोपचा यूरेल पास असतो. त्यात बारा वर्षांखालच्या मुलांना मोठ्याबरोबर मोफत, साठीपुढच्यांना सूट. पण फ्रान्स आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत पासावर आणखी आरक्षणाचे पैसे भरावे लागतात. आमच्या लांबच्या गाड्या मोजून तीन, तेव्हा तो पास परवडेना. लांबची तिकिटं सुटी आणि स्वित्झर्लंडपुरता तिथला स्विस ट्रॅव्हल पास, असं जमवलं. आईवडिलांबरोबर असलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांना त्या पासावर मोफत कार्ड मिळतं, म्हणजे आमच्या दोघांचंही काम झालं. त्यात आगगाडी, बस, बोट, गावातली ट्राम सगळं येतं.

आता प्रत्यक्ष वाट. पॅरिसच्या 'गार द लियाँ' स्टेशनावरून निघालेली गाडी तीन तासांत स्वित्झर्लंडच्या बाझेलला पोचते. आपण डेक्कन क्वीननं मुंबईला पोचतो त्याच्या आसपासच वेळ, पण अंतर अडीचपटीहून जास्त! बाझेलला एकदा गाडी बदलायची आणि तासाभरात ल्युसर्न. बाझेलहून ल्युसर्नला थोड्या थोड्या वेळानं गाड्या आहेत, आणि देशातल्या देशात त्यांना आरक्षण लागत नाही. एक हुकली तर दुसरीत बसा. हीच बदलायची जागा मी मुद्दाम निवडली.

डोंगर कुठला बघायचा यावर यांचं आणि मुलांचं मत युंगफ्राउयोखला पडलं. ३४५४ मीटरवरचं ते स्टेशन १९१२ सालापासून चालू आहे आणि तिथं बर्फच बर्फ. पण तिथं हवा विरळ, आणि आईंना रक्तदाब. मी रिगी निवडला. ल्युसर्नहून बोटीनं फिट्‌स्नाऊला जायचं आणि तिथून दातेरी रुळांच्या गाडीनं वर. युरोपातली ही पहिली डोंगरगाडी, १८७१ सालची. आपली माथेरानची राणी १९०७ ची, म्हणजे तिची मोठी बहीणच म्हणा. रिगीचं टोक १७९८ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा थोडंच उंच. बोट आणि गाडी दोन्ही आमच्या पासात येतात, आणि फारसं चालावं लागत नाही. ज्यांना युंगफ्राउयोखला जायचं असेल त्यांनी तिघांनी एक दिवस जावं. आम्ही दोघी सासू-सुना तळ्याकाठी बसू.

आणखी एक दिवस मी नुसता गाडीत बसण्यासाठी ठेवला आहे. मिलानला जाणारी गाडी गोटहार्डच्या ५७ किलोमीटर लांब बोगद्यातून जाते. २०१६ साली सुरू झालेला हा जगातला सगळ्यांत लांब रेल्वे-बोगदा. कौतुक आहेच, पण वीसेक मिनिटं काळोख! जुना घाटरस्ता १८८२ चा, तोही चालू आहे आणि त्यावरून साध्या गाड्या जातात. त्या वाटेवर वासेन नावाच्या खेड्यात एक चर्च आहे. गाडी डोंगराच्या पोटात वळसे घेत चढते, म्हणून तेच चर्च तीनदा दिसतं, एकदा डोक्यावर, एकदा समोर आणि एकदा पायाखाली. खंडाळ्याचा घाट उतरताना अजूनही खिडकीला नाक लावणाऱ्या बाईंना हे दाखवायलाच हवं.

खाण्याचं म्हणाल तर मेतकूट, भाजणी, मुगाची डाळ, तांदूळ, गोडा मसाला असं सगळं कोरडं आणि बंद पाकिटांत. तूप, खवा, पेढे, आंबाबर्फी नेऊ नये. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांनी दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथं बंदी आहे. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ताही नको. पाच फळांना तेवढी मोकळीक आहे, त्यात नारळ आणि केळं येतं, आंबा येत नाही. मे महिन्यात पुण्याहून निघायचं आणि हापूस मागं ठेवायचा, हे यांना फार लागलं. आईंची औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव लिहून घेतलेलं. स्टेशनांवरच्या स्वच्छतागृहांना बहुतेक ठिकाणी पैसे पडतात, तेव्हा सुटी नाणी निराळ्या पाकिटात. एक रिकामी बाटली बरोबर असू द्या. कशासाठी ते बायकांना सांगायला नको.

सामानाची मात्र आम्ही रंगीत तालीम केली. तिकडे हमाल नाही. गाडी मधल्या स्टेशनावर दोन-तीन मिनिटं थांबते, डब्याचं दार बटण दाबल्याशिवाय उघडत नाही आणि गाडी सुटायच्या आधी ते बंद होतं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही पाच जण भरलेल्या बॅगा घेऊन पुण्याहून लोणावळा लोकलनं गेलो आणि त्याच बॅगा घेऊन परत आलो. ६४ किलोमीटर, पूल चढणं, उतरणं, गर्दीत चढणं, सगळं. लोक बघत होते. कुणी विचारलं, "बदली झाली का हो?" नियम असा केला होता की ज्याची बॅग त्यानं एका दमात तीन पायऱ्या वर न्यायची. यांची मोठी बॅग पहिल्याच पुलावर नापास झाली आणि माळ्यावर गेली. लेकीचे चार पोशाख कमी झाले. आईंच्या पाठीवर एक हलकी पिशवी, बाकी त्यांचं सामान आमच्या चौघांत वाटलेलं. त्या लुगड्याखाली पळायचे बूट घालायला तयार नव्हत्या. लोणावळ्याहून परतल्यावर म्हणाल्या, "बूट बरे आहेत गं." आता रोज सकाळी तेच घालून सारसबागेला फेऱ्या असतात. चिरंजीव आणि हे पर्वती चढतात.

पॅरिसला उतरल्याच्या दिवशी मी कुठलीही गाडी धरलेली नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सरहद्दीवर पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानं आली आहे. रांगेला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. त्या दिवशी खोलीवर जायचं, खिचडी टाकायची, झोपायचं.

पासपोर्ट परत आले ते बंद पाकिटांतून. यांनी पहिलं पाकीट उघडलं ते स्वतःचं नव्हे. सासूबाई देवाजवळ वात करत बसल्या होत्या, मान वर केली नाही. "आला का?" एवढंच विचारलं. आला होता. पाचही आले. मग म्हणाल्या, "आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून निघाल्या त्या दोन महिन्यांनी अमेरिकेला पोचल्या. घरचं कुणी बरोबर नसताना. मला तुम्ही चौघं आहात."

त्याच रात्री गाड्यांची आरक्षणं केली. जागा निवडताना पडद्यावर डब्याचा नकाशा येतो. आईंना तिन्ही गाड्यांत खिडकी, जाण्याच्या दिशेला तोंड करून. चिरंजीवांनी तक्रार केली, ती ऐकून घेतली.

आता उरलंय ते घरचं. दूधवाल्याला तारखा सांगायच्या, गॅस बंद, पाण्याचा मुख्य नळ बंद, किल्ली शेजारच्या वहिनींकडे. तुळशीला पाणी त्या घालतीलच. मोलकरणीला पंधरा दिवसांचा पगार आधीच द्यायचा आहे, आणि सासूबाईंनी डब्यासाठी दशम्या करायच्या म्हटलंय, निदान मुंबईच्या विमानतळापर्यंत पुरतील एवढ्या.